चार फळ्या, चाळीस बाटल्या

कपाटाला चार फळ्या होत्या आणि प्रत्येक फळीवर दहा खाचा, म्हणजे एकूण चाळीस. अठ्ठावीस खाचांत भरलेल्या काचेच्या बाटल्या उभ्या होत्या, बारा खाचांत रिकाम्या बाटल्या उपड्या ठेवलेल्या. भरलेल्या सगळ्या डावीकडे, दर फळीवर सात. रिकाम्या उजवीकडे, दर फळीवर तीन. प्रत्येक बाटली अडीचशे मिलिलिटरची. प्रत्येकीला काचेचं बूच, बुचावर रबराचा पट्टा, गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. फुटलेली एकही नाही, तडा गेलेलीही एक नाही. दाराच्या आतल्या बाजूला पिवळा पडलेला एक कागद चिकटवला होता. त्याचे चारांपैकी तीन कोपरे जागेवर होते, चौथा सुटून खाली दुमडला होता.

ही मोजणी मी प्रयोगशाळेत रुजू झाले त्याच सकाळी केली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"झाल्या मोजून?" मागून मामा म्हणाला. "चाळीसच आहेत. बावीस वर्षं चाळीसच आहेत."

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. या प्रयोगशाळेत तो साहाय्यक होता आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. मी त्याच्याच घरी राहत होते. घरात मी त्याला 'अरे मामा' म्हणायचे आणि प्रयोगशाळेत 'तुम्ही'. ही अट त्याचीच होती. बाकीचे लोक त्याला बूचभाऊ म्हणत. त्याने बसवलेलं बूच दुसऱ्या कुणाला निघत नसे.

त्याचं काम असं: दर मंगळवारी सकाळी आठला धक्क्यावर जायचं. धक्क्याला चार लोखंडी खांब आहेत. प्रत्येक खांबापाशी बादली सोडायची, पाणी वर घ्यायचं, काचतंतूच्या गोल कागदातून गाळायचं आणि बाटली भरायची. भरायची म्हणजे काठोकाठ. बाटलीच्या तोंडावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत ओतायचं, मग बूच दाबायचं, थोडं पाणी बाहेर सांडतं, आत हवेचा बुडबुडा राहत नाही. एका खांबाची एक फळी. आठवड्याला चार बाटल्या, दहा आठवड्यांत कपाट भरतं. मग एका दिवसात चाळीसही बाटल्या यंत्रावर चढवायच्या. यंत्र सुरू करायलाच अर्धा दिवस लागतो, रसायनं बरीच खर्ची पडतात, म्हणून चाळीस झाल्याशिवाय ते चालू करायचं नाही हा नियम.

यंत्र तीन आकडे देतं: अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट. तिन्हींत नायट्रोजन असतो, आणि समुद्रातल्या सूक्ष्म हिरव्या वनस्पतींना तो हवा असतो, शेतातल्या रोपाला खत हवं तसा. मामा तिन्ही आकडे तीन रकान्यांत उतरवी. अक्षर मोत्यासारखं म्हणता येणार नाही, पण एकही खाडाखोड नाही.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर दोन आलेख होते.

"भाऊ, बसा. नाही, बसाच. वाईट बातमी उभ्याने ऐकू नये."

मामा बसला.

"गेल्या वर्षी दुसऱ्या खांबाला आपण संवेदक लावला. तो पाण्यातच नायट्रेट मोजतो, दर तासाला. हे त्याचे आकडे आणि हे तुमच्या बाटल्यांचे. कधी जुळतात, कधी तुमचे चार-चार, पाच-पाचने जास्त. चूक सारखी असती तर वजा केली असती. पण ही सारखी नाही."

"यंत्र बघून घेतलंत?"

"दोनदा. यंत्र ठीक आहे. कारण कळेपर्यंत कपाटात नवी बाटली ठेवू नका." मॅडमनी चष्मा काढला. "बऱ्याच किनाऱ्यांच्या नोंदींचा एकत्र तक्ता होतोय. आपली बावीस वर्षं त्यात जाणार होती. दोन महिन्यांनी तो बंद होईल. तोवर हा फरक कशामुळे पडतो ते कळलं नाही, तर मला आपली नोंद वगळावी लागेल. सगळी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं पहिलं काम हेच. मामा आहेत म्हणून हात आखडू नकोस."

मामा माझ्या पुढे जिना उतरला. खाली आल्यावर त्याने कपाटाचं दार उघडलं, बाटल्यांकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं.

बावीस वर्षांच्या अकरा वह्या संगणकात चढवायला मला नऊ दिवस लागले. हे काम कंटाळवाणं असतं असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. आकडे नुसते वाचले तर गप्प बसतात, एकामागोमाग टंकले की मात्र बोटांना काहीतरी जाणवायला लागतं. मला जाणवलं ते हे की नायट्रेटचे आकडे बरेच आठवडे मोठे येतात, मग उतरत उतरत लहान होतात आणि एकदम उडी मारून पुन्हा मोठे होतात. मी आलेख काढला. करवतीचे दात दिसले. दोन दातांमधलं अंतर मोजलं. दहा आठवडे. पुढचे दोन मोजले. दहा आठवडे. एकशे चौदा दात होते आणि सगळे दहा-दहा आठवड्यांचे.

ऋतूंमुळे असतं तर वर्षाचं चक्र दिसायला हवं होतं. भरती-ओहोटीचं चक्र पंधरवड्याचं. दहा आठवड्यांनी समुद्रात काहीच होत नाही. दहा आठवड्यांनी फक्त आमचं कपाट भरतं.

अमोनियमचा आलेख काढला तर तोही करवतीचा, पण दात उलटे. डावीकडच्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या बाटल्यांत अमोनियम जवळजवळ शून्य. उजवीकडच्या ताज्या बाटल्यांत भरपूर.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मी हे मामीला सांगत होते. मामी दवाखान्यात परिचारिका आहे. ती इस्त्री करत होती.

"म्हणजे पाणी गाळून कपाटात ठेवायचं आणि दहा आठवड्यांनी तपासायचं?" तिने इस्त्री उभी केली. "आमच्याकडे कुणी रक्ताचा नमुना दहा तास टेबलावर ठेवला तर मी त्याला फाडून खाईन."

"अगं, ते रक्त, हे पाणी," बाहेरच्या खोलीतून मामा ओरडला.

"तुम्ही वर्तमानपत्र वाचा." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "जिवंत असतं गं ते. नळीत काढलं म्हणून रक्ताला कुणी मेलास असं सांगत नाही. आतल्या आत त्याचं चालूच राहतं."

"गाळलेलं आहे ते!" मामा आता दारात आला होता. "काचतंतूच्या कागदातून. त्यातून काय जाणार? मुंगीची अंडीसुद्धा नाही जाणार."

"मुंगी समुद्रात असते का?"

"उदाहरण दिलं."

"जरा बरं द्या."

सोमवारी मी कागदाच्या पाकिटावरचा आकडा वाचला. छिद्रांचा आकार एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, हजाराव्याचे सात दशांश. माणसाला हे फार बारीक वाटतं. पण समुद्रात त्याहून बारीक जीव आहेत, आणि अमोनियमचं नायट्राइट करणारे नेमके त्यांतलेच, निम्म्याहूनही कमी जाडीचे. अमोनियम हेच त्यांचं इंधन. दुसरे काही नायट्राइट घेतात आणि त्याचं नायट्रेट करतात. माशांनी टाकलेलं, मेलेलं, कुजलेलं जे काही पाण्यात विरघळतं, ते या हातातून त्या हातात जात पुन्हा हिरव्या वनस्पतींच्या खाण्यात येतं. उघड्या समुद्रात हे रोज घडतं आणि तयार झालेलं नायट्रेट कुणीतरी लगेच खाऊन टाकतं. कपाटात अंधार. तिथे हिरवं काही वाढत नाही. बनवणारे असतील, तर खाणारं कुणी नसणार.

असतील का, ते बघायला हवं होतं. मंगळवारी मी मामाकडून पाणी गाळून घेतलं, त्यात रंग घातला, आणखी बारीक छिद्रांच्या काळ्या कागदावर ते ओढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. निळ्या प्रकाशात हिरवे ठिपके दिसले. वीस चौकोन मोजले, मग खात्री म्हणून आणखी वीस. न गाळलेल्या पाण्यात एका मिलिलिटरला नऊ लाख वीस हजार. गाळलेल्यात तीन लाख चाळीस हजार.

"मामा, बघा."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"हलत का नाहीत?"

"रंग देण्याआधी मारावे लागतात."

"अरेरे. यांतले तुझे ते नायट्रेटवाले कुठले?"

"ते असं नाही ओळखता येत. रंगवले की सगळे ठिपकेच."

"एका बाटलीत किती?"

"साडेआठ कोटी."

मामा सरळ झाला. "साडेआठ कोटी," तो म्हणाला. "आणि मी बाटलीवर लिहितो, 'गाळलेले, स्वच्छ'."

मग त्याने कपाट उघडून तो पिवळा कागद दाखवला. सुटलेला कोपरा बोटाने वर धरला. त्याच्याखाली एक ओळ होती: नमुने त्वरित गोठवावेत.

"पहिले दोन आठवडे गोठवले होते. आठ बाटल्या. त्यांतल्या सहा फुटल्या. काठोकाठ भरलेल्या, फुटणारच. तेव्हाचे साहेब वैतागले. म्हणाले, गाळलेलं आहे ना, मग त्यात आहे काय? ठेवा अंधारात. तेव्हापासून एक बाटली फुटू दिली नाही मी." कोपरा सोडला तसा तो पुन्हा दुमडला. "सगळ्यांना हेच सांगत आलो गं. बावीस वर्षांत एक बाटली नाही."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. पण सुचलं तेवढंच बोलले. "नायट्रेटचे आकडे चुकलेत, मामा. बाटलीतले बरोबर आहेत, पण समुद्राचे नाहीत. दुरुस्त करता यायचे नाहीत. दर बाटलीत किती लवकर बदललं ते आपल्याला माहीत नाही." प्रयोगशाळेत होतो तरी पुढे म्हणाले, "तुझी चूक नाही यात."

त्याने माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. एक भरलेली बाटली काढून तो ती उजेडात फिरवत होता.

"नायट्रेट वाढलं म्हणतेस. ते आलं कुठून?"

"अमोनियममधून."

"आणि अमोनियम गेलं कुठे?"

"नायट्रेटमध्ये."

"बाहेर नाही ना गेलं?" त्याने बुचावर अंगठा ठेवला. "माझ्या बुचातून काही बाहेर जात नाही. उघडून दाखव बघू."

मी प्रयत्न केला. निघालं नाही.

"मग आत जेवढं होतं तेवढंच आहे की. फक्त खोल्या बदलल्या."

मी बाटली त्याच्या हातात परत दिली. मग संगणकाकडे गेले आणि चौथा रकाना केला: अमोनियम, नायट्राइट आणि नायट्रेट यांची बेरीज. चार हजार पाचशे चौपन्न ओळी. आलेख उमटायला तीन-चार सेकंद लागले. करवतीचे दात नव्हते. वर्षाचं चक्र होतं, पावसाळ्यात चढणारं, मग उतरणारं. आणि बावीस वर्षांत हळूहळू वर सरकणारी एक रेघ होती, जी तोवर कुणीच पाहिली नव्हती.

मॅडमनी तो आलेख उभ्यानेच पाहिला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला भीती वाटते. बेरीज सरळ आली म्हणून ती खरी ठरत नाही. गाळलेल्या पाण्यात विरघळलेला आणखी बराच मालमसाला असतो. त्यातून अमोनियम नव्याने सुटत असेल तर बेरीज दर बाटलीत फुगत जाईल. गच्च बूच लावलं तरी आतल्या आत."

हे मला सुचलं नव्हतं. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"बाटली भरून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "एकाच बादलीतलं पाणी, भाऊंच्याच पद्धतीने. लगेच मोजा आणि मग सहा आठवड्यांपर्यंत मोजत राहा. यंत्र चारच बाटल्यांसाठी चालवायची परवानगी देते. सहा आठवड्यांनंतरची बेरीज पहिल्या दिवसापेक्षा शून्य दशांश तीनपेक्षा जास्त हलली तर नोंद वगळायची. तेवढ्याच्या आत राहिली तर नायट्रेट काढून टाकू आणि बेरीज पाठवू. तीही पुष्कळ आहे. कबूल?"

"कबूल," मामा माझ्या आधी म्हणाला.

मंगळवारी आठला आम्ही दुसऱ्या खांबापाशी होतो. संवेदकाची पिवळी पेटी पाण्याखाली पुसट दिसत होती. मामाने बादली सोडली, भरून वर घेतली आणि सोळा बाटल्या भरल्या. मी गाळायला मदत करू का म्हणून विचारलं तर म्हणाला, "तू आकडे सांभाळ. हात माझेच हवेत, नाहीतर मॅडम म्हणतील पोरीने वेगळं काहीतरी केलं." फुगवटा, बूच, सांडलेलं पाणी, रबर. सोळा वेळा.

चार बाटल्या लगेच यंत्रावर गेल्या. उरलेल्या बारा त्याने कपाटातल्या बारा मोकळ्या खाचांत ठेवल्या. कपाट भरलं.

नेहमीच्या नमुन्यांसाठी आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या. त्या गळ्याच्या खालीच भरायच्या आणि तडक गोठवायच्या. पहिली अशी बाटली भरताना मामाचा चेहरा बघण्यासारखा होता.

"पाहुण्याला अर्धा पेला पाणी दिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

पहिल्या दिवशीची सरासरी, दर लिटरला मायक्रोमोलमध्ये: अमोनियम ४.२, नायट्राइट ०.३, नायट्रेट ६.१. बेरीज १०.६.

चौदाव्या दिवशी: ३.३, ०.९, ६.२. बेरीज १०.४. अमोनियम उतरलं होतं, नायट्राइट तिप्पट झालं होतं. आम्ही काहीही केलं नव्हतं. पाणी अंधारात उभं होतं, इतकंच. कपाटाजवळून जाताना मी उगाच थांबायला लागले. आत कोट्यवधी जीव काम करत होते आणि बाहेर आवाज येत होता तो फक्त पंख्याचा.

मामी रोज विचारायची, "तुमचे पेशंट कसे आहेत?"

"खातायत, पितायत," मामा म्हणायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी: ०.६, २.१, ८.२. मी बेरीज केली. पुन्हा केली. मामा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"किती?"

"दहा दशांश नऊ."

"म्हणजे?"

"तीन दशांशने वाढली. बरोब्बर काठावर."

"वाढतच जाणार का आता?"

"माहीत नाही. यंत्राची स्वतःचीच चूक दोन दशांशपर्यंत असते. तसंही असेल. किंवा मॅडम म्हणाल्या तसं, आतून काहीतरी सुटत असेल."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्याने आकडा बदलत नाही, मामा."

"अगदी मॅडमसारखी बोलायला लागलीस," तो म्हणाला, आणि वहीत १०.९ लिहिलं. खाडाखोड न करता.

पुढचे दोन आठवडे त्याने आपलं टेबल आवरलं. निवृत्तीचा दिवस जवळ येत होता. खणातून रबराचे तीनशे बारा पट्टे, सहा कात्र्या आणि एका फुटलेल्या बाटलीचा तळ निघाला. तो तळ पहिल्या वर्षीचा. त्यात तो टाचण्या ठेवायचा. घरी मामी म्हणाली, नोंद गेली तरी काय झालं, मंगळवारची सकाळ तरी तुम्हाला मोकळी मिळेल. त्यावर त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, आणि मामीने तो विनोद पुन्हा केला नाही.

बेचाळिसावा दिवस मंगळवारीच आला. मी सकाळी सातला यंत्र सुरू केलं. साडेअकराला ते तयार झालं. मॅडम स्वतः खाली आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. मामाने कपाटातून शेवटच्या चार बाटल्या काढल्या. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. मॅडमनी एक बूच काढून बघितलं, निघालं नाही.

"द्या इकडे," मामा म्हणाला.

त्याने चारही बुचं अंगठ्याने एका बाजूला दाबून, फिरवून सोडवली. प्रत्येक वेळी बारीक 'टक्' असा आवाज आला. यंत्राची नळी पहिल्या बाटलीत गेली, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मी आकडे वाचत गेले, मामा लिहीत गेला. मग मी सरासरी काढली आणि त्याने ती चौथ्या रकान्यासकट वहीत उतरवली.

अमोनियम ०.१. नायट्राइट ०.१. नायट्रेट १०.५. बेरीज १०.७, पहिल्या दिवसापेक्षा फक्त एक दशांशने जास्त.